सलाइनच्या स्टँडवरचे पट्टे

मला कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं ते फक्त दोन महिन्यांसाठी. आपल्याकडे दोन महिने म्हणजे किती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. विचुंब्याला आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची लाइनही दोन महिन्यांत येणार होती, आणि अजून रोज सकाळी टँकरच्या हॉर्नने जाग येते. पण मेट्रन मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाल्या, "बाकीच्या सिस्टर माउसला हात लावायला घाबरतात. तुला ह्यातलं कळतं. नवी सिस्टम नीट लागेपर्यंत वर ये." मेट्रन मॅडम कोणाला चहा सांगत नाहीत. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं, पण कोणी कौतुक केलं की मी विरघळते, हा माझा जुना आजार आहे.

आमचं हॉस्पिटल पनवेलला, एसटी स्टँडवरून चालत गेलं तरी चालेल इतक्या अंतरावर. पहिल्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड. लग्नाआधीपासून मी तिथे होते. दुसऱ्या मजल्यावर पूर्वी चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून कॉम्प्युटरची खोली केली. खिडकी नाही, कारण चादरींना खिडकी लागत नाही. एसी मात्र आहे. त्या एसीमुळे सगळ्या जगाला वाटतं की मी सुखात आहे.

काम काय करतेस, असं कोणी विचारलं तर मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. त्याला नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. पूर्वी आम्ही पेशंटचं सगळं कागदावर लिहायचो. ताप, बीपी, कुठलं औषध केव्हा दिलं, लघवी किती झाली. ते आता कॉम्प्युटरमध्ये भरायचं. पण जो प्रोग्रॅम लिहितो त्याने कधी बेडपॅन उचललेलं नसतं, आणि जी बेडपॅन उचलते तिला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ह्या दोघांच्या मधोमध एक बाई उभी करायची, म्हणजे दोघांनाही चिडायला कोणीतरी मिळतं. ती बाई मी.

पुण्याच्या कंपनीने जी स्क्रीन पाठवली तिच्यात दुखण्यासाठी शून्य ते दहा असे आकडे होते. आमच्याकडे येणारी माणसं पनवेल-उरणच्या खेड्यांतली. पोटाला टाके घातलेल्या म्हाताऱ्याला "दहापैकी किती दुखतंय?" असं विचारलं की तो म्हणायचा, "दुखतंय बाय, आता किती ते कसं सांगू?" आकडा त्याच्याकडे नव्हता, पण शब्द होते. ठणकतंय, सलतंय, कळ येते, चमक निघते, चुरचुरतंय. आणि ह्यातला प्रत्येक शब्द नर्सला वेगळं काही सांगतो. ठणकतंय म्हणाला तर आत पू धरला नाही ना ते बघायचं, चुरचुरतंय म्हणाला तर पट्टी सोडून टाके बघायचे. मी कंपनीच्या इंजिनिअरशी फोनवर भांडून भांडून ते सगळे शब्द स्क्रीनवर घालून घेतले. तो म्हणाला, "सिस्टर, इतक्या ऑप्शनची खरंच गरज आहे का?" मी म्हटलं, "तुमची दाढ दुखेल त्या दिवशी फोन करा, मग सांगते."

पाण्याचंही तसंच. पेशंटने दिवसभरात किती पाणी प्यायलं ते मिलिलिटरमध्ये भरायचं होतं, आणि उशाशी बसलेली बायको सांगायची, "दोन पेले आणि एक वाटी पेज." मी वॉर्डातले पेले आणि वाट्या आणून, पाणी ओतून, मापून, स्क्रीनवर पेला आणि वाटी ठेवली. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला हे काम जमत होतं. तेच नडलं. जे काम एखादीला जमतं त्यातून तिला कोणी सोडत नाही.

दोन महिन्यांचं वर्ष झालं आणि एकाची तीन झाली. दर थोड्या दिवसांनी मी मेट्रन मॅडमच्या दारात उभी राहायचे आणि त्या म्हणायच्या, "एवढं लॅबचं जोडून होऊ दे." मग लॅबचं झालं की औषधांच्या स्टोअरचं. माझ्या ओळखपत्रावर अजून स्टाफ नर्सच लिहिलेलं होतं, कारण मी जे काम करत होते त्या नावाची जागाच हॉस्पिटलमध्ये नव्हती. म्हणजे बढती मिळायची तर वॉर्डात असायला हवं, आणि वॉर्डात जायचं तर वरचं काम संपायला हवं, आणि वरचं काम संपत नव्हतं. कंपनीवाले मला सिस्टर म्हणायचे, खालच्या सिस्टर मला कॉम्प्युटरवाली म्हणायच्या. धोब्याच्या कुत्र्याला निदान घाट तरी दिसतो.

खालच्यांचा राग मला समजत होता. आम्ही नर्स बीपी घेतलं की आकडा हाताच्या पंजावर पेनाने लिहितो, चार-सहा पेशंट झाले की मग टेबलाशी बसून एकदम उतरवतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय, आणि त्यात कोणी मेलेलं नाही. कॉम्प्युटर आल्यावर ते सगळं "उशिरा भरलं" म्हणून लाल दिसू लागलं आणि मेट्रन मॅडम खुलासे मागू लागल्या. लाल रंग मी दिला नव्हता, पण तो माझ्या खोलीतून येत होता. मी वॉर्डात शिरले की बोलणं बंद व्हायचं. कोणीतरी उगाच गॉज मोजायला घ्यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फक्त इन्चार्ज ताई तशीच राहिली. ही ताई ओवे गावची. तिच्या घरची भातशेती कधीच खारघरच्या इमारतींखाली गेली, भाऊ गाड्या घेऊन फिरतात, तिला नोकरीची काही गरज नाही. तरी रोज सगळ्यांच्या आधी वॉर्डात. मी पहिल्यांदा इथे लागले तेव्हा शीर कशी शोधायची ते तिनेच शिकवलं. डोळ्याने बघू नको, बोटाने बघ, म्हणायची. मी वर गेल्यावर ती मला जिन्यात गाठायची आणि म्हणायची, "कवा येतेस खाली? तुज्याशिवाय करमत नाय."

घरी तर बोलायचीच सोय नव्हती. नाइट ड्युटी नाही, रविवारी सुट्टी, संध्याकाळी साडेपाचला खाली रिक्षा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून आता कॉम्प्युटरमध्ये आहे." नवरा म्हणायचा, "लोक ह्यासाठी कोर्स करतात, फॉरेनला मोठ्या पगारावर जातात, आणि तुला ताप बघायला परत जायचंय?" तो वाईट माणूस नाही. त्याला कळत नव्हतं एवढंच, आणि मला सांगता येत नव्हतं. काय सांगणार? की वॉर्डातून बरा होऊन निघालेला माणूस दारात थांबतो, मागे वळून बघतो, आणि तेवढ्यावर माझा महिना जायचा? की वर कोणी बरं होत नाही आणि कोणी मरतही नाही, फक्त आकडे येतात? त्या खोलीत दुपारी एसीचा आवाज ऐकत बसले की मला चक्क श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर यायचे आणि जिन्याच्या कठड्याशी उभी राहून खालच्या वॉर्डातलं खोकणं ऐकायचे. खोकणं ऐकून बरं वाटणारी बाई मी एकटीच असेन.

एकदा मॅडमनी मला एका नर्सिंग कॉलेजात भाषण द्यायला पाठवलं. विषय होता करिअरची नवी वाट. मी छान साडी नेसून गेले आणि सगळं सांगितलं. की नर्सिंगला आता खाटेच्या पलीकडेही जग आहे, की माहिती नीट ठेवली तर चुका टळतात, की ज्या मुलीला वॉर्डही कळतो आणि कॉम्प्युटरही कळतो तिला पुढे मागणी आहे. हे सगळं खरं आहे. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही शेवटचं इंजेक्शन कधी दिलंत?" तिला टोमणा मारायचा नव्हता, सहज विचारत होती. मला आठवेना. मी काहीतरी हसून वेळ मारून नेली, पण परत येताना रिक्षात मी माझे हात बघत होते. ते मऊ झाले होते. मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रन मॅडमच्या दारात उभी राहिले नाही, आत जाऊन बसले. म्हटलं, "मॅडम, मला तारीख सांगा. नाहीतर मी दुसरं हॉस्पिटल बघते." त्यांनी चष्मा काढला. बाई करारी आहेत, पण दिलेला शब्द मोडत नाहीत, म्हणून तर सहज देत नाहीत. त्या म्हणाल्या, "पट्ट्यांचं काम मार्गी लाव. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं आणि दोन-तीन महिने टिकलं, तर तू खाली. मी शब्द देते."

पट्ट्यांचं काम म्हणजे असं. पेशंट दाखल झाला की त्याच्या मनगटावर एक कागदी पट्टा बांधतात. त्यावर त्याचं नाव आणि काळ्या रेघांचा बारकोड. औषध द्यायच्या आधी नर्सने त्याच्या खाटेशी जायचं, तो पट्टा स्कॅनरने वाचायचा, मग औषधाचं पाकीट वाचायचं. माणूस तोच आणि औषध तेच असेल तर स्क्रीनवर हिरवी खूण येते. चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. कल्पना सोन्यासारखी आहे. पण आमच्या स्कॅनरला होती वायर, ती कॉम्प्युटरला जोडलेली, आणि कॉम्प्युटर होता ढकलगाडीवर. गाडीचं एक चाक कायम रुसलेलं. ती गाडी खाटेखाटेपाशी ढकलत नेणं म्हणजे अडून बसलेल्या म्हशीला रस्त्यातून हलवणं. पुरुषांच्या वॉर्डात निम्मीसुद्धा औषधं पट्टा वाचून जात नव्हती. मी वायरलेस स्कॅनर मागितले होते. ते "पुढच्या खरेदीत" होते.

आणि मग आकडा चढायला लागला. मी काहीच केलं नव्हतं. फक्त खालच्यांना दोनदा समजावलं होतं, तेही त्यांनी तोंड वाकडं करून ऐकलं होतं. पण आकडा आठवड्याआठवड्याने वर जात राहिला आणि पंच्याण्णवच्या पुढे जाऊन तिथे अडीच महिने टिकला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश झाले. मी तो आकडा दिवसातून कितीदा उघडून बघायचे ते सांगायची लाज वाटते. मॅडमही खूश झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून तुझी ड्युटी खाली. मी इन्चार्जला सांगते." त्या संध्याकाळी मी स्टँडजवळ भजी घेतली आणि घरी मुलांसकट सगळ्यांना दिली. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

ते दिवस मी तरंगत होते. कामाचं निमित्त काढून खाली जायचे. अशीच एकदा दुपारी, जेवणाच्या गाड्या यायच्या आधी वॉर्डात गेले. ताई डॉक्टरांबरोबर राउंडला टोकाच्या खाटांपाशी होती. टेबलाशी एक सिस्टर होती, ती बायकांच्या वॉर्डातून त्या दिवसापुरती बदलीवर आलेली. जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं. टेबलाच्या बाजूला भिंतीला लागून एक सलाइनचा स्टँड उभा असायचा आणि त्यावर कोणाचा तरी एप्रन टाकलेला असायचा. मी तो कितीदा पाहिला असेल. सिस्टरने एप्रन उचलला. खाली, स्टँडच्या आडव्या दांडीवर, कासाराच्या दुकानात बांगड्या लावतात तसे पट्टे ओवलेले होते. प्रत्येकावर खाटेचा नंबर पेनाने लिहिलेला. तिने चार नंबरचा पट्टा ओढला, जागच्या जागी स्कॅनर टेकवला, पाकिटाला टेकवला, हिरवी खूण आली, आणि ती सुई घेऊन निघाली.

मला काय बघितलं ते कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात ती चार नंबरच्या खाटेशी पोचलीसुद्धा होती. खाटेवरचे काका उरणकडचे, मिठागरावर जन्म गेलेले, फुप्फुसात पाणी झालं म्हणून आलेले. त्यांनी मुकाट्याने सदरा वर केला. आणि समोरच्या रांगेतून, पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खाटेवरून आवाज आला, "बेटा, सुई माझी हाय. तिकडं कुठं चाललीस?"

बोलणारे चाचा पनवेलचेच, उमेदीची वर्षं गल्फमध्ये काढून आलेले, पायाची जखम आणि साखर घेऊन दाखल झाले होते. मी धावत जाऊन सिस्टरचा हात धरला. काकांच्या मनगटावरचा पट्टा वाचला. त्यावर काकांचं नाव होतं, चाचांचं नव्हतं. चाचा सांगायला लागले, "सकाळी आम्ही जागा बदलली ना. मला इकडं बसून नमाज पढायला बरं पडतं, तोंड पश्चिमेला होतं. हे बोलले, घ्या की माझी खाट. भला माणूस." काकांनी सदरा खाली केला आणि मला म्हणाले, "पोर देतेय तर मी बोललो देऊ दे. आमाला काय कळतंय?"

काकांना साखरेचा आजार नव्हता आणि सकाळपासून पोटात धड अन्न नव्हतं. अशा माणसाला ते इन्सुलिन गेलं असतं तर तो घामाघूम होऊन बेशुद्ध पडला असता, आणि वेळेत कोणाच्या लक्षात आलं नसतं तर उठला नसता. कॉम्प्युटरवर मात्र हिरवी खूण राहिली असती. बदलीवरच्या सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. तिला मी काय बोलणार? तिला सकाळी जसं दाखवलं तसं तिने केलं होतं. रोजची सिस्टर असती तर चेहऱ्यावरून ओळखलं असतं.

राउंड संपल्यावर मी ताईला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "हे पट्टे कोणी लावले ताई?"

"आमी," ती म्हणाली. "सगळ्यांनी."

"कशासाठी? तुला कळत नाही हे किती घातक आहे?"

तिने गॉजच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुज्यासाठी केलं. मॅडम मला बोलल्या होत्या, आकडा वर गेला तर तुला सोडणार. ती गाडी काय हलत नाय, तुला बी म्हाईत हाय. मग मी पोरींना बोलली, आपली बाय वर घुसमटतेय, तिला खाली आणायची हाय. दुसरा पट्टा छापायला किती वेळ लागतो? ज्या पोरी तुला तोंडावर बोलत नव्हत्या ना, त्यांनीच छापले. आणि आमचं ठरलं होतं, तू आलीस की तूच हे सगळं नीट करशील. तवर चालवायचं."

मला रडू आलं. राग होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. मला वाटायचं ह्या सगळ्या माझ्यावर फुगून आहेत, आणि त्या माझ्यासाठी रोज खोटी हिरवी खूण करत होत्या. एवढं प्रेम, आणि त्यापायी एक म्हातारा मरता मरता वाचला होता. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता काय करणार तू?"

काय करणार होते? पट्टे काढायला लावले असते तर दोन दिवसांत आकडा घसरला असता आणि मी वर. मॅडमना सांगितलं असतं तरी मी वर. गप्प बसले असते तर पुढच्या महिन्यात खाली, माझ्या वॉर्डात, आणि तिथे पहिल्या दिवशी पट्टे उतरवले असते. फक्त पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न होता. मी स्वतःला हे समजावून पाहिलं, अगदी मनापासून. पण त्या पंधरा-वीस दिवसांत किती जण खाटा बदलतील, कोणाला पंख्याखाली जायचं असेल, कोणाला दाराजवळ, कोणाला पश्चिमेकडे, हे मला माहीत होतं. आपली माणसं खाट म्हणजे गाडीतली जागा समजतात, शेजाऱ्याला विचारलं की झालं.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग वरच राहा. देवानेच सुचवलंय म्हण." मी ताटावरून उठले.

सकाळी मी ताईला आधी भेटले आणि सांगितलं की मी मॅडमकडे जातेय. तिने कात्री घेतली आणि पट्टे कापायला लागली.

मेट्रन मॅडमना मी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. माझ्यासाठी केलं हे सांगितलं नाही. म्हटलं, वायर आखूड आहे, गाडी हलत नाही, म्हणून टेबलावरच वाचून टाकतात. कोणाला मेमो देऊ नका, दिला तर त्या पुढच्या वेळी आणखी चांगलं लपवतील आणि मग मलाही दिसणार नाही. आधी वायरलेस स्कॅनर आणा. आणि पेशंटची खाट बदलली की सिस्टमने विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मी करून घेते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कंपनीवाल्यांच्या लक्षात आलं असतं?"

"नाही."

"इन्चार्जने सांगितलं असतं?"

मी स्कॅनरच्या मागणीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मेमो कोणाला देणार नाही," त्या म्हणाल्या. "स्कॅनर ह्या महिन्यात येतील, मी स्वतः बघते. पण तुला आता मी सोडू शकत नाही. तूच सांग, कशी सोडू?" आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. हेच सगळ्यात वाईट होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मला सोडलं नसतं.

स्कॅनर आले. काका घरी गेले, चाचाही गेले. जाताना दोघांनी एकमेकांना घरी यायचं आमंत्रण दिलं म्हणे. मी वर होते. मग महिना संपता संपता मला पत्र मिळालं. हॉस्पिटलने नवी जागा काढली होती, नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स ऑफिसर, आणि त्या जागेवर मी, कायम. पनवेलमधल्या दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात अशी जागा असल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. नर्सिंग कॉलेजातल्या मुलींना जी वाट मी सांगून आले होते ती माझ्या नावाने छापून आली होती. नवऱ्याने पेढे आणले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले. मला आनंद झाला नाही असं नाही. माझ्या कामाला नाव मिळालं होतं, आणि त्या नावाने दार बाहेरून लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी वॉर्डात गेले. सगळ्या पोरींनी पेढे घेतले, कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी म्हणालं, "आता मोठ्या मॅडम झालात." आता माझ्या येण्याने बोलणं बंद पडत नव्हतं, आणि मला तेच जास्त लागत होतं. ताई भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभी होती. त्या फळ्यावर ती पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावते. तिने पेढा तोंडात टाकला, हात ओढणीला पुसला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "तुज्या हुशारीचं झालं."

मी बॉक्स पुन्हा तिच्यापुढे धरला.

"मॅडम सोडणार बोलल्या तवाच मी लावली होती," ती फळ्याकडे बघत म्हणाली. "पुढचा सगळा महिना. सकाळची दिली होती तुला, पोरं शाळेतून यायच्या आत घरी जाशील म्हणून. मेलं पुसायचं राहूनच गेलं."

आणि तिने तळहाताने माझं नाव पुसलं. शाई जुनी झाली होती, पटकन जाईना. ती दोन-तीनदा घासत राहिली, आणि मी बॉक्स हातात धरून तिथेच उभी राहिले, कारण वर जायचं मला जिवावर आलं होतं.